बयाना द्यायच्या आधी

अगं, आधी एवढं सांग, त्या माणसाला बयाना दिलास का? नाही ना? मग बैस निवांत. दिला असतास तर आता बोलण्यात फारसा अर्थ नव्हता. तुझे लाख रुपये परत कसे मागायचे, एवढाच विषय उरला असता.

तुझी घाई मला कळते. आर. के. पुरममध्ये आल्यावर पहिली दोन-चार वर्षं माणूस क्वार्टरवर खूश असतो. मोठी झाडं, पोरांना खेळायला मैदान, सेवा भवन किंवा वेस्ट ब्लॉकला ऑफिस असेल तर दुपारी घरी येऊन गरम जेवण. मग शेजारचं कुणीतरी रिटायर होतं, टेम्पोत सामान चढतं, आणि आपल्या डोक्यात पहिल्यांदा येतं की अरे, ही भिंत आपली नव्हेच. तिकडे सरोजिनीनगरची जुनी क्वार्टर्स पाडून मनोरे उभे राहिलेले आपण येता-जाता बघतोच. तेव्हा घराचं मनात येणं साहजिक आहे. पण घराच्या कर्जाबद्दल आपल्या या सेक्टरांत जे कानावर पडतं ना, त्यातलं निम्मं चुकीचं असतं आणि उरलेलं निम्मं वीस वर्षांपूर्वीचं.

सगळ्यात लाडकी समजूत म्हणजे "सरकारी नोकरी आहे, बँक हसत कर्ज देईल." देईल की! पण किती देईल? नोकरी पक्की म्हणून बँक निर्धास्त असते, कागद भराभर हलतात, एवढं खरं. रकमेचा हिशेब मात्र दर महिन्याला हातात काय पडतं आणि त्यातलं आधीच कुठे कुठे जातं, यावर चालतो. तुझंच घेऊ. सहायक कक्ष अधिकारी, लेव्हल ७, बेसिक ५२,०००. महागाई भत्ता, वाहतूक भत्ता मिळवून आणि एनपीएस, सीजीएचएस, टॅक्स कापून हातात पंचाहत्तर हजारांच्या आसपास येत असतील. सगळे हप्ते मिळून या रकमेच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा बँकांचा ढोबळ आडाखा असतो. कुणी चाळीस टक्क्यांवरच थांबतं, मोठ्या पगाराला कुणी साठपर्यंत जातं, आपण निम्मं धरू. म्हणजे झाले ३७,५००. साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांच्या मुदतीला, एक लाखाचा हप्ता पडतो ८६८ रुपये. हा आकडा फोनमध्ये लिहून ठेव, डीलरसमोर उपयोगी पडेल. ३७,५०० ला ८६८ ने भाग, की आले त्रेचाळीस लाख.

आता तुझ्या गाडीचा हप्ता ८,५००. आणि दिवाळीत घेतलेल्या फ्रिज नि मोबाइलचा ३,०००. "बिनव्याजी आहे गं ताई," म्हणाली होतीस. असेल बिनव्याजी, पण बँकेला तो हप्ताच दिसतो. साडेअकरा हजार वजा केले की उरले २६,०००, आणि त्यावर कर्ज बसतं तीस लाखांच्या आतबाहेर. गाडी, फ्रिज आणि मोबाइल यांनी मिळून तुझ्या घराचे तेरा लाख खाल्ले बघ. म्हणून अर्ज करायच्या आधी फ्रिज-मोबाइलचं मिटवून टाक. गाडीचं थोडंच उरलं असेल तर तेही.

आणि हे सगळं फेडून बँक त्रेचाळीस द्यायला तयार झालीच, तरी त्रेचाळीस घ्यायचे असं कुठे आहे? सासूबाईंची सोलापूरची औषधं, मुलाची शाळेची फी आणि व्हॅनचे पैसे, वर्षातून दोनदा सगळ्यांची गावाकडची तिकिटं, यातलं काही तुझ्या पगाराच्या स्लिपवर नाही. ते बँकेला दिसत नाही, आणि दिसावं अशी तिची इच्छाही नसते. तिने काढलेला आकडा म्हणजे तिचे पैसे बुडणार नाहीत याचा हिशेब. तुझं घर महिनाभर चालेल का, हा हिशेब तुलाच मांडायचाय.

क्वार्टरवाल्यांची आणखी एक गंमत असते. आपल्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. तू बाहेर राहत असतीस तर दिल्लीच्या तीस टक्क्यांनी १५,६०० रुपये स्लिपवर जास्त दिसले असते. आपल्याला वाटतं, भाडं नाही म्हणजे आपली ऐपत जास्त. बँक मात्र स्लिपवर आहे तेवढंच धरते. स्वतःच्या घरात गेल्यावर भत्ता सुरू होईल हे खरं, पण ते गेल्यावर. तीच गत आठव्या वेतन आयोगाची. जानेवारी २०२५ मध्ये घोषणा झाली तेव्हापासून ऑफिसात जो तो "आयोग लागू दे, मग घेऊ" म्हणतोय. थांबायचं तर खुशाल थांब. पण आयोग येणार आहे म्हणून आज जास्त कर्ज मिळेल, असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे.

वयाचं तुला आत्ता काही नाही, चौतिशीत आहेस. पण तुझ्या वरच्या मजल्यावरचे काका परवा मला विचारत होते, चोपन्नाव्या वर्षी कर्ज मिळतं का म्हणून. मिळतं, पण साठीपर्यंतच फेडायचं तर सहा वर्षंच हातात, आणि मग लाखाला १,७७८ रुपये हप्ता, तुझ्या दुप्पट. काका २००४ च्या आधी लागलेले, जुन्या पेन्शनवाले. ती पेन्शन धरून बऱ्याच बँका सत्तरीपर्यंत मुदत ओढतात. नोकरी लागलेल्या मुलीला सहकर्जदार घेतलं तर आणखी सोपं. काकांना वाटत होतं की पन्नाशीनंतर अर्जच घेत नाहीत.

आता सिबिलचं. "मी आयुष्यात कुणाचं एक रुपया कर्ज घेतलं नाही, माझा स्कोअर उत्तम असणार," हे तुझ्या नवऱ्याचं वाक्य. तो अभिमानाने म्हणाला, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. अगं, ज्याने कधी उधार घेतलंच नाही, तो ते फेडतो कसं हे बँकेला कळणार कुठून? तीनशे ते नऊशेच्या त्या पट्टीवर त्याला जागाच नसते. रिपोर्टमध्ये इतिहासच नाही, असा शेरा येतो. तो काही गुन्हा नाही, आणि पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलंही आहे. साडेसातशेच्या खाली कर्ज मिळतच नाही, हेही असंच पसरलेलं. रिझर्व्ह बँकेने असा किमान आकडा ठरवलेला नाही, प्रत्येक बँक आपापलं बघते. चांगल्या स्कोअरला व्याज थोडं कमी लागतं, हे मात्र बऱ्याच ठिकाणी आहे, आणि वीस वर्षांच्या कर्जात पाव टक्कासुद्धा जाणवतो.

स्कोअर बघितला की कमी होतो, असं मला आपल्या भिशीत तिघींनी सांगितलंय. स्वतःचा स्वतः बघितला तर एका अंकानेही हलत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तुझा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. कमी होतो तो बँकांनी वारंवार चौकशी केली की. एजंट काय करतो, तुझे कागद एकदम आठ बँकांना पाठवतो. ज्या बँकेने तुझं नावही नीट वाचलं नाही, तिचीही चौकशी तुझ्या रिपोर्टवर चढते. म्हणून एजंटला आधी विचार, कुठे कुठे पाठवणार आहेस? दोन बँका पुरे.

तो रिपोर्ट एकदा नीट उघडून बघ. प्रत्येक खात्यापुढे महिन्यामहिन्याचे छोटे चौकोन असतात आणि त्यात हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेलं असतं. माझ्या एका मैत्रिणीची पुण्याहून इथे बदली झाली. तिथे असताना घेतलेलं क्रेडिट कार्ड ती वापरायची बंद झाली, पण बंद केलं नाही. वार्षिक शुल्क पाचशे आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे ५९० रुपये लागले, बिल पुण्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिलं. घराचं कर्ज मागायला गेली तेव्हा त्या चौकोनांत ३०, ६०, ९० असे आकडे चढत गेलेले. कार्डवाल्यांचा माणूस म्हणाला, अर्धे भरा, सेटल करून टाकू. बिचारी तयार झाली होती! मी म्हटलं, अजिबात नको. सेटल्ड असा शेरा बसला की पुढची बँक त्याचा अर्थ "या बाईने पूर्ण दिले नाहीत" असाच घेते, आणि तो शेरा वर्षानुवर्षं तिथे बसून राहतो. पूर्ण पैसे भरायचे, थकबाकी नसल्याचं पत्र घ्यायचं, आणि रिपोर्ट दुरुस्त करून मागायचा. चुकीची नोंद असेल तर तक्रार ३० दिवसांत सोडवली पाहिजे, नाहीतर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आपल्यातल्या किती जणांना ते माहीत असतं?

तुझ्या नवऱ्याचं उत्पन्न धरायचं म्हणालीस. धंद्यावाल्याला घराचं कर्ज मिळत नाही ही आणखी एक अफवा. मिळतं, दोन-तीन वर्षांची रिटर्न्स दाखवली की मिळतं. अडचण रिटर्नमधल्या आकड्याची असते. नेहरू प्लेसच्या त्याच्या दुकानाची उलाढाल वर्षाला चाळीस लाख, आणि सीए त्याला ४४ एडी कलमाखाली सहा टक्के नफा दाखवून मोकळा करतो. चाळीस लाखांचे सहा टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार. टॅक्स शून्य, सगळे खूश. मग बँकेत गेल्यावर त्याचं महिन्याचं उत्पन्न किती दिसतं? वीस हजार! तुम्ही खरे किती कमावता, ते बँकेला सांगून उपयोग नाही. तिने विश्वास कशावर ठेवायचा? करोलबागेत आपले सांगलीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आहेत ना, त्यांच्यातल्या एका वहिनीने मला हे फार छान सांगितलं होतं. त्यांनी घर घ्यायचं ठरवल्यावर आधी तीन वर्षं मुद्दाम जास्त नफा दाखवला, त्यावर टॅक्स भरला, आणि मग अर्ज केला. टॅक्स गेला म्हणून दीर कुरकुरत होते. वहिनी म्हणाल्या, कुरकुर आमच्याच घराच्या ओट्यावर बसून करतायत.

घरबांधणी अग्रिमाचं तू अजून विचारलंच नाहीस, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय. एचबीए, आपल्या खात्याकडून मिळणारं. ऑफिसात म्हणतात, "ते फार कमी मिळतं, आणि फाइल फिरत राहते." फाइल फिरते, खोटं कशाला बोलू. पण २०१७ च्या नव्या नियमांनंतर ते पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कायम नोकरीत असलेल्याला, किंवा तात्पुरत्याला सलग पाच वर्षं झाली की, ३४ महिन्यांच्या बेसिकइतकं मिळू शकतं, जास्तीत जास्त २५ लाख. तुझ्या ५२,००० वर ते १७ लाख ६८ हजार होतात. घराची किंमत बेसिकच्या १३९ पट, आणि कमाल एक कोटी, याच्या आत हवी. तुझ्यासाठी म्हणजे बहात्तर लाखांपर्यंत. फेडायची ऐपत तेही बघतातच.

यातली खरी मेख व्याजात आहे. ते सरळ व्याज असतं, बँकेसारखं चक्रवाढीच्या चालीने चढत नाही. आधी १८० महिन्यांत मुद्दल कापतात, आणि त्यानंतर ६० महिन्यांत व्याज. म्हणजे तू फेडत जातेस तसं मुद्दल लगेच खाली येतं. बँकेच्या कर्जात पहिली काही वर्षं हप्त्यातला बराचसा भाग व्याजालाच जातो, हे वर्षाअखेरचं पत्रक हातात पडलं की लोकांना कळतं आणि मग धक्का बसतो.

आता लोक म्हणतात, एचबीए घेतलं की बँकेचं घेता येत नाही. येतं. घर खात्याकडे गहाण, आणि त्याच घरावर उरलेल्या रकमेसाठी बँकेचा दुसरा बोजा, याला खातं मंजुरीबरोबरच ना-हरकत देतं. फक्त बँक दुसऱ्या नंबरवर राहायला तयार हवी, ते आधी विचारून घे. आधीच बँकेचं कर्ज असेल तर ते एचबीएवर आणायचीही सोय केलेली आहे. आणि नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारात असतील तर दोघांना मिळू शकतं, वेगवेगळं किंवा मिळून. आपल्या ब्लॉकमध्ये अशी दोन जोडपी आहेत, दोघांनीही चौकशीसुद्धा केलेली नाही. कोण सांगणार त्यांना!

घर नोकरीच्या गावातच हवं असंही काही नाही हं. रिटायर झाल्यावर जिथे राहायचं तिथेही एचबीए चालतं, आणि बँकेचं तर चालतंच. इथले किती मराठी लोक पुण्यात, नाहीतर नागपूरला घेऊन ठेवतात. तुझं मन सोलापुरात असेल तर नोएडाच्या मागे उगाच लागू नकोस. पण तो तुमचा दोघांचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही.

तू बघितलेला साठ लाखांचा फ्लॅट. डीलर म्हणतो, "मॅडम, नब्बे पर्सेंट लोन हो जाएगा." नव्वद टक्के तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ऐंशी टक्के, त्यावर पंचाहत्तर टक्के. म्हणजे तुमच्या दोघांचं मिळून उत्पन्न कितीही बसलं तरी साठ लाखांवर अठ्ठेचाळीसच्या वर नाही, बारा लाख घरचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. सात टक्क्यांच्या आसपास धरलं तर आणखी चार लाख वीस हजार. शिवाय डीलरची दलाली, सोसायटीचं ट्रान्सफर, बँकेची प्रोसेसिंग फी. दिल्लीत घर बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्क कमी लागतं, तेवढं ध्यानात ठेव.

आणि तो जो कानात कुजबुजला ना, "अठ्ठेचाळीस कागजपर, बारह कॅश," त्याचा हिशेब करून बघ. बँक कागदावरच्या किमतीवर किंवा तिच्या मूल्यांकनावर, जे कमी असेल त्यावर देते. अठ्ठेचाळीसचे ऐंशी टक्के अडतीस लाख चाळीस हजार. वरचे नऊ लाख साठ हजार तुझे आणि रोखीचे बारा लाख तुझेच. झाले एकवीस लाख साठ हजार! बाराऐवजी एकवीस लाख साठ हजार उभे करायचे, आणि त्यातले बारा तर रोख. कुठून आणणार, सासऱ्यांची जमीन विकून? शिवाय स्थावराच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यावरची रक्कम रोखीने देणं-घेणं २०१५ पासून कायद्याने बंद आहे, आणि तू सरकारी नोकर. मला पुढे सांगायला लावू नकोस.

मंजुरीपत्र हातात पडलं की पैसे मिळाले, असं समजून लोक पेढे वाटतात. त्या पत्राचा अर्थ एवढाच, की तुम्ही पसंत आहात. घर अजून पसंत व्हायचंय. बँकेचा वकील मालकीचे कागद बघणार, इंजिनिअर जागा बघणार, आणि इथे दिल्लीत निम्म्या लोकांचं घोडं अडतं. आपल्या अगदी शेजारचं बघ ना. मुनिरका गाव, मोहम्मदपूर. चार मजली बिल्डर फ्लोअर, आत नवीन टाइल्स, मॉड्युलर किचन, मेट्रो हाकेच्या अंतरावर, आणि किंमत ऐकून वाटतं की हेच घ्यावं. पण ती लाल डोऱ्यातली गावठाणाची जागा. कागद विचारलेस तर पॉवर ऑफ ॲटर्नी, करारनामा आणि मृत्युपत्र असा एक गठ्ठा पुढे करतात. अशा मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्पच्या निकालात ११ ऑक्टोबर २०११ ला स्पष्ट सांगितलंय. तरी अजून विकतात, आणि लोक घेतात. मोठ्या बँका अशा घराला हात लावत नाहीत. मग डीलर कुठल्यातरी फायनान्स कंपनीकडे नेतो, तिथे व्याज चढं. माणूस बाहेर येऊन म्हणतो, "माझं कर्ज नाकारलं." अरे, तुझं नाही नाकारलं, त्या भिंतींचं नाकारलं.

याच्या उलट समजूत आणखी वाईट आहे. "बँकेने कर्ज दिलं म्हणजे प्रोजेक्ट चांगलाच असणार." असं असतं तर नोएडातली आम्रपालीची हजारो कुटुंबं भाडं आणि हप्ता दोन्ही भरत रस्त्यावर का उतरली असती? त्यांना बँकांनीच कर्जं दिली होती. २३ जुलै २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीची रेरा नोंदणी रद्द केली आणि अर्धवट इमारती पुऱ्या करायचं काम एनबीसीसीकडे दिलं. तोवर कित्येकांची मुलं शाळेतून कॉलेजात गेली होती. म्हणून बांधकाम चालू असलेलं घर असेल तर रेराच्या साइटवर नंबर टाकून स्वतः बघायचं. आणि रीसेल असेल तर डीडीएचा फ्लॅट फ्रीहोल्ड झालाय का, नोएडाचा असेल तर प्राधिकरणाची गहाण ठेवायला परवानगी आहे का, हे बयान्याच्या आधी. बयान्याच्या कागदात एक ओळ घालून घे, की कागदपत्रांमुळे बँकेने कर्ज नाकारलं तर बयाना परत. डीलर तोंड वाकडं करेल. करू दे.

तुझ्या सासूबाई म्हणत होत्या की बाईने एकटीने अर्ज केला तर नवऱ्याची सही लागतेच. असा काही नियम नाही. तुझा पगार, तुझं घर, तर तुझ्या एकटीच्या सहीवर होतं. मात्र घर दोघांच्या नावावर घ्यायचं असेल तर दोघांनाही कर्जात यावं लागतं. उलट मात्र चालतं, म्हणजे कर्जात असून घरात नाव नाही. त्यावर जरा लक्ष ठेव. हप्ता भरायला बाई आणि मालकीच्या कागदावर फक्त पुरुष, असं मी इथे पुष्कळ पाहिलंय. कर्जाबरोबर बँकेचाच आयुर्विमा घ्यावा लागतो, असं काउंटरवरची मुलगी अगदी गोड आवाजात सांगेल, आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून टाकेल. विमा असणं चांगलं, मी घेऊ नको म्हणत नाही. पण त्यांचाच घेतला नाही तर कर्ज मिळणार नाही, असं लिहून देता का, म्हणून विचार तिला. बदलत्या व्याजाचं कर्ज घे; ते मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, बँकांसाठी २०१२ पासूनच हा नियम आहे. बोनस, एरिअर्स मिळाले की थोडं थोडं त्यात टाकत जायचं.

आता तू मघाशी सहज बोलून गेलीस ते. सोलापूरच्या पतसंस्थेत दिरांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहायचंय, पुढच्या आठवड्यात कागद येणार आहेत. "नुसती सहीच तर आहे," असं म्हणालीस! अगं, जामीन राहिलेलं कर्ज तुझ्यावरचंच देणं धरतात. घराच्या अर्जात "कुणाला जामीन आहात का" असा रकानाच असतो, आणि तिथे खोटं लिहायचं नाही. दिरांचा एक हप्ता चुकला, तर नोटीस येणार ती आर. के. पुरमच्या पत्त्यावर, आणि पगारातून कापायचं पत्र आलं तर ते तुझ्या ऑफिसात. घराच्या कर्जाचे पैसे पूर्ण हातात पडेपर्यंत कुठेही सही करायची नाही. दिरांना वाईट वाटेल, मला माहितीय. सासूबाई आत पडल्यात ना? नको, तू नको बोलूस, तू बोललीस की ते सुनेचं बोलणं होतं. उठल्या की मी बोलते त्यांच्याशी. त्यांनाच जामीन राहायला सांगू, त्यांच्या नावावर दोन एकर आहेतच की. आणि तू तोवर पगाराच्या तीन स्लिपा, सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि फॉर्म १६ काढून ठेव. नवऱ्याला म्हणावं, तीन वर्षांची रिटर्न्स घेऊन शनिवारी ये. दुकान एक दिवस उशिरा उघडलं तर काही बिघडत नाही.